अंगठा लावणार न्हाई

धम्मप्रियाचं लग्न झालं ते दोन हजार दहाचं साल. त्याच वर्षी तिच्या नवऱ्यानं, आनंदराजनं, नांदेडला वजिराबादेत मोबाइलचं दुकान थाटलं. बिनबटनाचा नवा फोन आला त्या दिवशी त्यानं सासूसासऱ्यांना किनवटहून मुद्दाम बोलावून घेतलं.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आनंदराज फोन उंच धरून सांगत होता, "बघा, बोट सरकवलं की पान उलटतं. दोन बोटं फाकवली की फोटो मोठा. आडवा धरला की चित्र पण आडवं!" लोक माना वाकड्या करून बघत होते.

"पयला मान आमच्या मामीचा," म्हणत त्यानं फोन सासूपुढे धरला. "मामी, हितं अंगठा लावून सरकवा. लगेच उघडतंय."

धुरपताबाईनं हात पदराखाली घेतला. "अंगठा मी लावणार न्हाई, जावईबापू."

पन्नाशी उलटल्यावर ती प्रौढांच्या वर्गात बसली होती. रेशनच्या दुकानात पहिली सही केली, त्याच दिवशी तिनं स्वतःला शब्द दिला होता, यापुढे कुठंच अंगठा द्यायचा नाही. सात वर्षं तो पाळला. आणि आज चारचौघांत जावयाचं तोंड पडायची वेळ आली.

"अगं, शाई न्हाई त्याला," नवरा मारोती कुजबुजला. मग मोठ्यानं म्हणाला, "माझा घ्या की, जावई. माझा अंगठा लई सराईत हाय!"

"तुमचाच तर सोडवायचाय अजून," धुरपताबाई म्हणाली. "जावईबापू, सही चालंल का ह्याला?"

आनंदराज बघतच राहिला. मग हसला. फोनमध्ये चित्र काढायची कोरी पाटी होती, ती त्यानं उघडून दिली. धुरपताबाईनं बोट टेकवलं. बोट जाईल तिथं काळी रेघ उमटत गेली. ना खडू, ना पेन. 'धुरपता' एवढ्यातच पाटी भरली.

"बाई कुठं गेली, मामी?"

"बाई ही काय, हितं उभी हाय की!"

अख्खं दुकान खदाखदा हसलं. मग जो तो आपलं नाव लिहायला पुढं सरकला. गर्दी ओसरल्यावर धम्मप्रियानं बापाचं बोट धरून त्या काचेवर 'मा' गिरवून घेतला. तो फोन आनंदराजनं विकला नाही, सासऱ्याच्या खिशात घातला. दोन महिन्यांत मारोती बँकेत सही करून आला आणि त्यानं गल्लीभर पेढे वाटले.

मारोती दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत किनवटला वारला; शेवटपर्यंत तो सहीच करत राहिला.