ओली दाढ

गोवर्धन ग्रेडरची बोटं साऱ्या अंजनगाव सुर्जीत बदनाम होती. खरेदी केंद्रावर गाडी लागली की ते चिमूटभर कापूस ओढत, दोन अंगठ्यांत ताणत आणि गाडीवाल्याकडे न बघता सांगत, "वल्ला हाय. वाळवून आन." त्या हंगामात वरच्यांना कापूस नकोच होता, पण तसं सांगणारा कागद येत नव्हता, ओलावा मात्र रोज येत होता. देवमन नावाच्या शेतकऱ्याची गाडी तर त्यांनी तीनदा परत धाडली होती.

अशा माणसाची दाढ ठणकली. रविवारी दामिनीचा, त्यांच्या पोरीचा, साखरपुडा. अकोल्याचे पाहुणे, पंगतीत गोवरीवर भाजलेले टणक रोडगे. मुलीच्या बापानं पेज पिऊन आग्रह कसा करायचा? अमरावतीच्या डॉक्टर नगमानं रूट कॅनल सुरू केलं. दाढेच्या मुळात औषध, वर कापसाचा बोळा, त्यावर कच्चं सिमेंट.

"काका, यानं दुखणं उतरेल. शुक्रवारी पक्कं भरू. तोवर हात लावायचा नाही."

दुखणं खरंच उतरलं आणि तिथंच घात झाला. ठणक थांबल्यावर डोकं मोकळं झालं, अन् त्यात एकच प्रश्न शिरला: बाईनं कापूस कोणता घातला असेल? गुरुवारी केंद्राचा काटा बंद होता. गोवर्धनरावांनी दातकोरण्यानं सिमेंट उचकटलं, बोळा काढून ताणला. धागा आखूड, वरून ओला. "कवडी माल," म्हणत सवयीनं भिरकावूनही दिला.

दुपारपर्यंत दाढेनंही आपला शेरा दिला.

शुक्रवारी नगमानं मुळात कागदाची बारीक काडी घातली. ती भिजून आली.

"बोळा कोणी काढला?"

"कापूस बरोबर नोता, म्याडम."

"आज भरता येत नाही. मूळ ओलं आहे. औषध बदलते, पुढच्या शुक्रवारी या."

"परवा साखरपुडा हाय! थोडं वल्लं चालते ना!"

"नाही चालत काका. ओल्यावर भरलं की आत सडतं."

बाहेर बाकावर, गालाला दुपट्टा बांधून, देवमन बसला होता.

"झालं का साहेब?"

"परत धाडलं."

"काहून?"

गोवर्धनरावांनी भिंतीकडे बघत सांगितलं, "वल्लं हाय म्हने."

देवमन मनापासून हळहळला. "उनात बसा, तोंड उघडं ठेवून. मीबी कापूस तसाच पसरवून राहिलो. चवथ्या खेपेले घेतेतच."

रविवारी पाहुण्यांनी रोडगे चापले. मुलीच्या बापाचा त्या दिवशी उपास निघाला. कोणत्या देवाचा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.