घंटाघरातली तीन ताटं

"शिडी काढा आधी. कुणाला विचारून चढवली?" मी फाटकातूनच ओरडले.

शाळेच्या घंटाघराखाली टेम्पो उलटा लावला होता. दोन माणसं वर घंटेचे बोल्ट सैल करत होती आणि संस्थेचे सचिव हणमंतराव पान चघळत खाली उभे होते. मी निवृत्त झाले म्हणून काय झालं? उभी हयात याच शाळेत मराठी शिकवण्यात गेली माझी.

"विमलबाई, इमारत धोकादायक हाय. भूकंपापासून," हणमंतराव म्हणाले.

"भूकंपात वर्ग पडले, हे पडलं नाही. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवली, तीही याच घंटेवर. आणि धोका आज आठवला?"

धोका कसला डोंबलाचा! घंटा लातूरला श्रीनाथ सरांच्या अकॅडमीत चालली होती. पोरगं मेडिकलला लागलं की त्यानं दारातली घंटा वाजवायची, अशी सरांची नवी टूम. बाजारात घंटा मिळत नव्हती का? पण त्यांना जुनी, इतिहास असलेली हवी होती. तो इतिहास काय, हे एकानंही विचारलं नाही, याचाच मला संताप येतो.

पासष्टच्या लढाईत आमच्या गावची तीन पोरं गेली. नरसिंग, व्यंकटी आणि दस्तगीर. तिघंही याच शाळेत शिकलेली. गावानं त्यांच्या नावानं घंटाघर बांधायचं ठरवलं. नांदेडहून ओतारी आणला, घरोघरची फुटकी पितळी भांडी गोळा केली. त्या तीन घरांनी मात्र फुटकं काही दिलं नाही. आपलं पोरगं ज्या ताटात जेवायचं, ते ताट दिलं. त्या भांड्यांत ती तिन्ही ताटं वितळवून ही घंटा ओतली.

पंधरा ऑगस्टला पहिला टोल त्या तीन घरांतल्या माणसानं द्यायचा, ही गावाची रीत. दोन घरं पोटामागं पुण्याला गेली. राहिले दस्तगीरचे धाकटे भाऊ जहांगीरचाचा. बाजारात गाद्या भरून देतात. मी त्यांनाच बोलावणं धाडलं. म्हटलं, चाचा आले की हणमंतरावांची बोलती बंद होईल.

चाचा आले ते अंगावरच्या कापसासकट.

"हणमंतराव, आमचं ताट हाय त्यात. अम्मीनं दिलेलं."

"न्हाई कोण म्हणतंय? पण चाचा, तुमची नात मनतशा सरांकडंच शिकायलीय ना? फी माफ केली सरांनी." हणमंतरावांनी पिंक टाकली. "यंदा बारावी हाय. उगं पोरीच्या आड कशाला येता?"

मी मधेच पुढं झाले. "धमकी देताय?"

"मी काय म्हणलो बाई? याद दिली फक्त."

चाचांनी वर घंटेकडे बघितलं.

"चाचा, तुम्ही एकदा नाही म्हणा," मी म्हटलं. "मी कलेक्टरकडे जाते. उपोषणाला बसते."

"बाई, तुम्हाला पेन्शन हाय." आवाजात राग नव्हता. "आमच्या घरात एवढं शिकणारी ही पहिलीच. दस्तगीरभाईला बी लई शिकायचं होतं."

एवढं बोलून ते निघून गेले. खोटं कशाला सांगू, मला त्यांचाही राग आला. निदान दोन शिव्या तरी घालायच्या त्या माणसाला!

दोर बांधून घंटा खाली सोडायला लागले, तेवढ्यात चाचा परत आले. डोक्यावर कोरी गादी होती, कुणाच्या तरी लग्नासाठी भरलेली. त्यांनी ती टेम्पोत अंथरली, कोपरे दाबून सारखे केले. घंटा खाली आली तशी दोन्ही हातांनी सावरून गादीवर आडवी निजवली.

"चाचा, पितळ हाय ते. त्याला काय होतंय?" हणमंतराव हसले.

चाचा पुढं गेले आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकले.

"औश्याच्या रोडला खड्डे लई हायेत, बेटा. हळू घे. मागं माणसं हायेत."