चौथ्या प्रकरणातली साक्ष

सरोजिनीबाईंनी तीस वर्षांत सव्वीस रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, आणि प्रत्येकीचे पहिले वाचक त्यांचे यजमान श्रीपतराव. ते अंबडच्या कोर्टात कारकून होते. रोजच्या एसटीत हस्तलिखित वाचायचे आणि मस्तगड भागातल्या घरी चपला काढता काढताच खुनी कोण ते सांगून टाकायचे. बाई चिडायच्या, शेवट पुन्हा लिहायच्या. त्यानेच पुस्तकं चांगली व्हायची, पण तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही.

सत्ताविसावी अर्ध्यावर असताना श्रीपतरावांना अर्धांगाचा झटका आला. चालणं हळूहळू परतलं. बोलणं 'हां' आणि 'न्हाई' एवढ्यावरच अडलं. त्यांना कितपत कळतं, ते कुणालाच नक्की सांगता येईना. बाईंनी लिहिणं सोडलं.

दोन वर्षांनी प्रकाशकांचा फोन आला. "बाई, वाचक विचारतात. तेवढी पुरी करा."

बाईंनी जुनी वही काढली. सुरुवातीपासून रोज सकाळी श्रीपतरावांना वाचून दाखवू लागल्या, पुढचं लिहू लागल्या. ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

नवव्या प्रकरणात त्यांनी एकदम हात वर केला. "डॉ... डॉक्टर."

बाई घाबरल्या. "काय होऊन राह्यलं तुम्हाला? डॉक्टरला बोलवू?"

त्यांनी मान हलवून वहीवर बोट टेकवलं. कादंबरीतला डॉक्टर! दोन वर्षांतला पहिला नवा शब्द.

खून खरं तर कादंबरीतल्या नणंदेने केला होता. पण बाई म्हणाल्या, "बिलकुल बराबर ओळखलंत!" श्रीपतरावांना आणखी काही सांगायचं होतं, पण शब्द फुटला नाही. बाईंनी आठवडाभर बसून खून डॉक्टरच्या गळ्यात घातला.

शेवटचं प्रकरण वाचून झालं, तेव्हा श्रीपतरावांच्या कपाळाला आठ्या होत्या. "न्हाई."

"अहो, तुम्हीच तर म्हणाला होतात!"

त्यांनी वही ओढून घेतली आणि आधी नवव्या, मग चौथ्या प्रकरणावर बोट ठेवलं. नवव्या प्रकरणात डॉक्टर सांगतो, खुनाच्या दुपारी मी दवाखान्यात होतो. चौथ्यात, आजारपणाआधी बाईंनीच लिहिलं होतं, तो त्याच दुपारी अंबडला साक्षीला उभा होता.

"को... कोर्ट," श्रीपतराव म्हणाले. त्या दिवशी त्यांनी खुनी ओळखला नव्हता, चूक दाखवली होती.

बाई हसल्या, आणि हसता हसताच थांबल्या. म्हणजे यांना सगळं कळत होतं. पाहुण्यांपुढे आपण "त्यांना काही समजत न्हाई" म्हणायचो, तेही.

"चुकलं माझं," त्या त्यांचा हात धरून म्हणाल्या. "फार चुकलं."

श्रीपतरावांनी बाईंच्या हातावर थोपटलं, मग वहीकडे बोट केलं. "लि... लिही."

कादंबरी दिवाळीत निघाली. खून नणंदेनेच केला. सध्या अठ्ठाविसावी चालू आहे. श्रीपतराव डाव्या हाताने लिहायला शिकले आहेत. परवा त्यांनी समासात वेड्यावाकड्या अक्षरात दोन शब्द लिहिले: 'फौजदार ढिला.'

बाई चिडल्या आणि ते प्रकरण पुन्हा लिहायला बसल्या.