तीन किलोमीटर कमी

सख्ख्या भाच्याची किळस यावी, हे कुसुमलताबाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण आली. 

झालं असं. दोन जैन साध्वी, बाईंच्या घरी म्हणतात तशा महासतीजी, पायी रावेरला येत होत्या. थोरल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एक दिवसाआड उपास करणाऱ्या, आणि आज नेमका उपासाचा दिवस. उपासाला फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. मावळल्यावर थेंब नाही की पाऊल नाही. असतील तिथेच मुक्काम. त्यात तारीख एकतीस मार्च. आमच्याकडचं मार्चचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

शेवटच्या गावच्या शाळेपासून रावेर सात किलोमीटर. बाई तिथवर सामोऱ्या गेल्या होत्या. पावणेचारला सगळे निघाले, म्हणजे रमतगमत गेलं तरी सहाच्या आत बाईंच्या घरी. वाट दाखवायला हाच भाचा होता, तरुण नावाचा, पिंप्राळ्याचा, रेडिमेड कपड्यांचा दुकानदार, अडतीस वर्षांचा घोडा. साध्वींसोबत चालणाऱ्या तिथल्या ग्रुपचा हाच अध्यक्ष. दंडाला मोबाईल बांधलेला, त्यात चालण्याचं कसलंसं अ‍ॅप.

"मामी, डांबरीवर केळीचे ट्रक अंगावर येतात," तो म्हणाला. "मॅपवर आतला रस्ता आहे. सावलीचा."

सावलीचा! बाई भुलल्या. म्हातारीला ऊन नको, ट्रक नको, एवढाच विचार.

केळीच्या बागांतून वळणावर वळणं सुरू झाली. जिथे ठिबकचं पाणी वाटेवर आलेलं, तिथे साध्वींना पाय टाकता येईना, ओल्यात जीव असतात ना. मग बांधाला वळसा. पाच वाजून गेले तसा घरून बाईंच्या यजमानांचा, कांतीलालशेठांचा फोन आला. "अगं, आहात कुठे? पाणी केव्हाचं गार झालंय."

"आलोच," बाई म्हणाल्या, आणि समोर पाहतात तो काय, निळी टाकी. "तरुण, ही टाकी मघाशीच गेली रे!"

"केळीत सगळ्या टाक्या सारख्याच, मामी."

थोरल्या महासतीजी चालतच राहिल्या. ओठ मात्र पांढरे पडलेले, आणि धाकट्या साध्वींच्या खांद्यावर त्यांचा हात आता टेकला होता.

डांबरी रस्ता लागला तेव्हा रावेर एक किलोमीटर राहिलं होतं. आणि सूर्य गेला. बाईंच्या डोळ्यांदेखत गेला. महासतीजी तिथेच थांबल्या. एक किलोमीटर हो! घरात पाणी गार होऊन बसलेलं, आणि जाता येत नाही.

समोर केळी भरायची शेड होती. मालक तोताराम हात जोडून पुढे आला. "बसा ना माय, शेड आपलंच हाये. पानी आनू का?"

"आता नाही, भाऊ," थोरल्या हसून म्हणाल्या. जागेची परवानगी मागितली आणि जमीन झाडून बसल्या.

तरुणने मात्र पिशवीतली बाटली काढली आणि त्यांच्यासमोर घटाघटा रिकामी केली. शी! हनुवटीवरून ओघळ गळतोय आणि डोळे मोबाईलवर. मग बाईंना बाजूला बोलावून त्याने पडदा दाखवला. नकाशावर निळी रेघ, त्या टाकीभोवती दोन वेढे, खाली आकडा : १०.३.

"मामी, कुणाला सांगू नका हं. आज महिन्याचा शेवटचा दिवस. महिन्याचे शंभर किलोमीटर भरायला दहा हवे होते, सरळ आलो असतो तर सातच झाले असते. आता बघा, अ‍ॅपच्या शंभरवाल्यांच्या यादीत नाव लागलं! ग्रुपवर आत्ताच चाळीस अंगठे."

बाईंच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. "तुला म्हातारीची तहान दिसली नाही?"

"सूर्याचं गणित जरा चुकलं," तो म्हणाला.

तेवढ्यात थोरल्यांनी हाक मारली. कोरड्या जिभेने शब्द सुटे सुटे येत होते. "तरुणभाई, मनाला लावून घेऊ नका. वाट कुणाचीही चुकते."

आणि हा निर्लज्ज, हात जोडून, मान खाली घालून माफी मागत म्हणतो कसा, "मिच्छामि दुक्कडम्, महासतीजी. चुकलीच वाट."

"चुकली नाही!" कुसुमलताबाई ओरडल्या. शेडमधले मजूर वळून पाहू लागले. "मुद्दाम फिरवलं तुम्हाला याने! मोबाईलमधल्या आकड्यासाठी. तीन किलोमीटर कमी पडत होते म्हणे!"

 महासतीजींनी तरुणकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, हेच बाईंना सोसेना.

"मग," त्यांनी विचारलं, "झाले ना पूर्ण?"

तरुणचा चेहरा उजळला. "हो, महासतीजी. वर तीनशे मीटर जास्तच."

बाईंनी तोंडाला पदर लावला. बाहेर जाऊन त्या भडाभडा ओकल्या.