काटेगाळीची हाक

कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा एक खेळ आहे. त्यात आमचा घाट आहे. लोंढ्याहून निघायचं, तिनईघाट, कॅसलरॉक करत खाली गोव्यात उतरायचं. बोगदे आहेत, पूल आहेत, काचेवरून पाणी ओघळतं. फक्त आम्ही नाही. जिथं आमच्या वाड्या आहेत तिथं खेळ बनवणाऱ्यांनी झाडं लावून टाकली. तसंही आम्हाला रानातून उठवायला टपलेल्यांची कमी नाही. खेळात ते काम एका बोटानं उरकलं.

मी किरण. रामनगरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हा मार्ग बनवणाऱ्या पोरांच्या ग्रुपात मी आवाजाचं काम करतो. चाकांचा खडखडाट, ब्रेकची किंचाळी, बोगद्यातला घुमारा, सगळं मी रुळाकडेला उभं राहून, जळवा सोसून भरून आणलेलं. ग्रुपचा म्होरक्या सुदेश हुबळीत पंख्याखाली बसतो. त्याचा निरोप आला: "स्टेशनांवर अनाउन्समेंट पाहिजेत. अगदी खऱ्यासारख्या. काटेगाळी हॉल्टलाही टाक."

काटेगाळी हॉल्ट म्हणजे पत्र्याची शेड आणि एक बाक. आता तिथं गाडी थांबत नाही. थांबायची तेव्हाही स्पीकर नव्हता. सुमंगलाक्का होती. कमिशनवर तिकिटं विकायची आणि गाडी दिसली की पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून ओरडायची. एकदा कन्नडमध्ये, एकदा कोकणीत, एकदा मराठीत. "गाडी आली वोऽ, म्हाताऱ्यांनी मागं सरा!" गाडी एक, हाका तीन. हे तीन कुठल्या नियमातून आले नव्हते, रानातून आले होते.

आमच्या रानात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. वळूनही बघत नाही. एकदाच हाक मारतं ते माणूस नसतं. माणूस असेल तर दुसऱ्यांदा मारेल, तिसऱ्यांदा मारेल. तोवर आहे तिथं, आहे तसं उभं राहायचं. हसायचं तर खुशाल हसा. गुंद गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तरही रानात गेला की वळत नाही.

अक्काचा नवरा, महाबळेश्वर, रुळावर कंत्राटी गँगमध्ये होता. पावसाळ्यातल्या एका सकाळी हॉल्टच्या पुढच्या वळणावर, हॉल्टकडं पाठ करून, रुळात उभा होता. धुकं होतं. मागून एकटं इंजिन आलं. त्यानं शिट्टी दिली, पण घाटात शिट्टी कुठल्या अंगानं आली ते देवालाही सांगता येत नाही. अक्कानं बघितलं. कर्णा बाकावर राहिला आणि ती नुसत्या गळ्यानं ओरडली, "अवोऽऽ!" दुसरी हाक मारायच्या आत इंजिन मध्ये आलं होतं.

तिच्या सासूनं, पुतळीबाईनं, तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सगळ्या वाडीसमोर विचारलं, "एकदाच हाक मारलीस? अगं, गप बसली असतीस तर इंजिनाच्या आवाजाला पोरानं आपसूक वळून तरी बघितलं असतं. तू हाकेनं खिळवलंस त्याला."

अक्का म्हणाली, "हाक पोचलीच न्हाई, अव्वा. धुकं हुतं."

पोचली की नाही, हे त्या घरात तेव्हापासून लोंबकळत राहिलं. पुतळीबाई गेली तरी ते गेलं नाही. अक्कानं पुन्हा कधी आवाज चढवला नाही. कोंबड्यांनाही ताट वाजवून बोलवायची.

मी तिच्याकडं गेलो तेव्हा ती अंगणात सुपारी सोलत होती. खेळाचं सांगितलं तर हसायला लागली.

"मेलेल्या स्टेशनाला आवाज कशाला रे मुडद्या? त्या खेळात तिकीट कोण फाडतं?"

"कोण न्हाई, अक्का."

"मग सगळी फुकटीच चढत्यात म्हण की." सुपारी सोलता सोलता तिनं विचारलं, "आणि आवाज कुठवर ऐकू जातो, ते कोण ठरवतं?"

"मीच. प्रत्येक आवाजाला हद्द घालावी लागते. त्याच्यापलीकडं गाडी गेली की ऐकू येत न्हाई. खऱ्यासारखं पाहिजे तर जागेवर जाऊन बघायचं."

तिचा हात थांबला. सोललेली सुपारी तशीच मुठीत राहिली.

"वळणापतोर जाते काय, ते बघशील?"

मला नाही म्हणायला जमलं नाही.

"त्या दिवसागत एकदाच मारीन. कर्ण्याबिगर. तू त्याच्या जागी, त्याच्यागत पाठ करून उभा ऱ्हा. पोचली तर हात वर कर. न्हाई पोचली तर..." ती उठली, पदर झटकला. "न्हाई पोचली तर मी सुटले, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वळणावर गेलो. रुळाच्या बाहेर, पायवाटेवर, हॉल्टकडं पाठ करून उभा राहिलो. आवाज भरायचं यंत्र दगडावर ठेवलं. दरीतून धुकं वर येत होतं. एक पाखरू बोललं आणि मध्येच थांबलं.

"अवोऽऽ!"

आली. पातळ झालेली, पण अख्खी. मानेला हात लागावा इतक्या जवळ.

आता हात वर करायचा होता. एवढंच काम होतं. पण हात हलला नाही. मान हलली नाही. ग्रुपात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारा मी, दिवसभर लोकांचे फोन उघडून आतल्या तारा बघणारा मी, मेलेल्या लाकडासारखा उभा होतो आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत होतो. दुसरी हाक येणार नाही हे मला माहीत होतं. तसं ठरलंच होतं. तरी अंग ऐकेना. समोर रुळावर एक कावळा बसला होता, तोही उडेना. या जागी महाबळेश्वर असाच उभा असणार, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. पाठीमागं काही येत असतं तर मला कळलं नसतं असं नाही. कळूनही मी उभाच राहिलो असतो.

अंग सुटलं तेव्हा मी हॉल्टवर आलो. अक्का बाकाला धरून उभी होती.

"पोचली?"

"न्हाई," मी तोंडावर खोटं बोललो. आणि त्याची लाज वाटत नाही. लोक देवळात याहून मोठं खोटं बोलतात.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." गाडीच्या घोषणेसाठी आणलेला कर्णा मात्र हातात घेतला नाही. "गळा बसला. बाजारादिवशी तुझ्या दुकानात येऊन ओरडते."

मी दुकानात येऊन खेळात काटेगाळीच्या आवाजाची हद्द वळणाच्या अलीकडं ओढली. यंत्रात भरलेली ती एक हाक कानाला लावून ऐकायची हिंमत झाली नाही. पण दुकानात कोणी नसलं की फोनची स्क्रीन बसवताना हात अधूनमधून थांबायचा, आणि मी मागं बघायचं टाळायचो.

बाजारादिवशी अक्का खरंच आली. मिरच्यांची पिशवी काउंटरवर ठेवून स्टुलावर बसली. मी गाडी चालू केली. पाऊस, वायपर, मग काटेगाळीची शेड. तिनं शेड ओळखली आणि पदर तोंडाला लावला. गाडी वळणावर आली. रुळाकडेला नारिंगी जाकीट घातलेला एक बाहुला पाठ करून उभा होता. खेळात असे कामगार जागोजागी असतात.

"ह्यो कोण?"

"असाच. खेळातला."

"वळत न्हाई?"

"त्याला वळायची सोय न्हाई."

"आणि इथं आवाज न्हाई ठेवलास."

"पोचत न्हाई न्हवं, म्हणून."

अक्कानं पडद्यावरची नजर काढली नाही. "किरण, ज्याला हाक ऐकूच आली न्हाई त्यो काय करतो? वळून बघतो. ही बाई अजून का वरडंना, म्हणून. तू वळला न्हाईस. खांबागत उभा हुतास, खांदे वर चढवून. त्यो बी तसाच उभा हुता. मला त्याची पाठच दिसली हुती तेवढी."

मी माउसवरचा हात काढला.

"मग तुला पयल्यापास्नं ठावं हुतं, अक्का?"

"न्हाई रे. तुझी पाठ बघितली तवा कळलं." तिनं मिरच्यांची पिशवी उगाच सरळ केली. "म्हातारी खरं बोलत हुती. चालू कर ते मशीन."

मी यंत्र चालू केलं. मला वाटलं आता गाडीची घोषणा करेल. ती उठून दुकानाच्या दारात गेली, भरल्या बाजाराकडं तोंड केलं आणि इतकी वर्षं दाबलेला गळा सोडला.

"अवोऽऽ!"

बाजारात कोणी वळलं नाही. भाव चालूच राहिले. पण समोर कांदे निवडणाऱ्या एका म्हाताऱ्याचा हात हवेतच राहिला. चहावाल्याची किटली कपावर थांबली. मी ते बघितलं.

"अवोऽऽ!"

म्हाताऱ्यानं मान वळवली. चहावाल्यानं वळवली. खानापूरकडच्या व्यापाऱ्यांना काही कळेना.

"अवोऽऽ!"

आता सगळा बाजार वळला. अक्का दारात उभी राहून त्या वळलेल्या तोंडांवरून नजर फिरवत गेली. एक तोंड, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. शेवटच्या तोंडापाशी पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"व्हय गे अक्का, काय झालं?" कांदे निवडणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या."

मिरच्या तिनं माझ्याकडंच ठेवल्या, घे म्हणाली.

मी त्या तीन हाका काटेगाळीला घातल्या आणि हद्द वळणाच्या पार पलीकडं नेली. सुदेशचा निरोप आला: ही बाई कोणाला ओरडते? गाडी नंबर कुठाय? हे रिअ‍ॅलिस्टिक नाही, काढून टाक. मी लिहिलं, तुझा सगळा घाट खोटा आहे, आमची घरं काढून झाडं लावलीस, त्यात ही एकच वस्तू खरी आहे. काढलीस तर माझे सगळे आवाज परत दे आणि मुकी गाडी चालव. त्यानं काढल्या नाहीत.

मीही कधीकधी खेळतो. हॉल्ट येतो, तीन हाका होतात, वळणावर तो नारिंगी जाकीटवाला पाठ करून उभा असतो. तिसरी हाक विरली तरी वळत नाही. मग मी ब्रेक लावतो आणि त्याच्या अलीकडं गाडी उभी करतो. वेळापत्रक चुकतं, वर लाल अक्षरं येतात, गुण कापले जातात.

कापू देत.