फ्लेक्सवरची मोकळी जागा

आष्ट्याजवळच्या त्या गावात माजी सरपंच जोतीरामतात्यांनी सत्कार केला नाही असा माणूस उरला नव्हता. बदलून आलेला तलाठी, बदलून चाललेला तलाठी, एवढंच काय, जळका डीपी बदलून गेलेला वायरमनसुद्धा तात्यांची शाल घेऊनच परतला होता. त्यामुळे पॅरिसला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, शिवांजलीनं, आईबापाला बोलावून तिथला राजवाडा दाखवायचं कबूल केलं, तेव्हा गावानं ठरवूनच टाकलं, की तात्यांनी फ्रान्सच्या राजांचा सत्कार करायचा. राजवाडा म्हटला की आत राजे असणारच. सातारा-सांगलीकडच्या माणसाला ह्यात शंका यायचं कारण नव्हतं.

गावानं शाल दिली, नारळ दिला. आष्ट्याच्या मोहसीननं तर फ्लेक्स छापून स्टँडवर चढवलासुद्धा. 'फ्रान्सचे राजे यांचा सत्कार करताना आपले लाडके जोतीरामतात्या' असा खाली मजकूर आणि वर फोटोपुरती पांढरी जागा. जत्रा रविवारी होती. त्याच्या आत फोटो आला नाही, तर ती पांढरी जागा पंचक्रोशीला दिवसभर दिसणार होती आणि तात्यांना जन्मभर.

राजवाडा बघायला व्हर्सायला जाताना गाडीत शिवांजलीनं सांगितलं, की इथल्या राजाचं मुंडकं लोकांनीच सव्वादोनशे वर्षांमागं उडवलं. पुढं आणखी एकदोन राजे होऊन गेले, पण आता कुणीच नाही.

तात्यांनी मांडीवरची शालीची पिशवी सावरली. मग म्हणाले, "मग वाड्याचं कोण बघतंय?"

"सरकार."

"म्हंजे प्रशासक नेमलाय," तात्यांनी बायकोला, बनुबाईंना, समजावलं. "निवडणूक लागूस्तवर."

तरी तात्यांनी आशा सोडली नाही. आत राजाचा पलंग होता. राजा झोपेतून उठताना बघायला दरबारी जमायचे, असं शिवांजलीनं वाचून दाखवलं. ते बघायला नव्हे, उठवायला येत असतील, असं बनुबाईंचं मत पडलं. आरशांच्या महालात त्यांनी प्रत्येक आरशापुढं थांबून पदर सारखा केला, त्यानं मागची एक अख्खी सहल खोळंबली. सत्काराजोगा माणूस मात्र दिसेना. नारळाची चिंता नव्हती. त्याची बनुबाईंनी पोचल्या दिवशीच चटणी केली होती.

बाहेर बाग होती. नजर जाईल तिथवर बागच. झाडं तासून कुणाचा भोवरा केलेला, कुणाचा लाडू. एवढं रान, एवढं पाणी, आणि उसाचं एक कांडं नाही, म्हणून तात्या हळहळत होते, तोच मोहसीनचा फोन आला. मोकळ्या जागेत कुणीतरी कोळशानं गाढव काढलं होतं आणि गावाच्या मते ते चांगलं जमलं होतं.

तात्यांनी पिशवीतून शाल काढली. समोर एक संगमरवरी पुतळा उभा होता. दाढीवाला, धिप्पाड, अंगावर धागा नाही. राजा असो नसो, शालीची गरज असलेला बागेत तोच एक इसम दिसत होता. चौथऱ्यावर पाय देऊन तात्यांनी शाल त्याच्या खांद्यावर टाकली न टाकली, तोच शिट्टी वाजली.

झाडाखालच्या खुर्चीवरून उठून एक मिशाळ पहारेकरी धावत आला. तो तात्यांना फ्रेंचमध्ये झाडू लागला. शिवांजली माफी मागत त्याला गाव, फ्लेक्स आणि गाढव समजावू लागली. बनुबाईंचं ह्या कशातच लक्ष नव्हतं. चालून त्यांचे गुडघे गेले होते. त्या जमिनीवरच बसायला लागल्या, तसा पहारेकरी बोलायचा थांबला. जाऊन आपली खुर्ची घेऊन आला, कोपराला धरून त्यांना बसवलं, आणि वळून तात्यांना जिथं सोडलं होतं तिथनं पुढं झाडायला लागला.

"आवं," बनुबाई म्हणाल्या, "ह्यास्नीच घाला की शाल. तुमी सत्कार केल्याल्या कुठल्या माणसानं कवा खुर्ची सोडलीया? ह्यानं सोताहून दिली."

"पर ह्यो राजा न्हाई."

"ते बी बरंच हाय. मुंडकं शाबूत हाय त्येचं."

तात्यांना हे पटलं. त्यांनी पुतळ्याची शाल काढून पहारेकऱ्याला घातली. तो लाजला. त्यानं शिट्टी खिशात टाकली, टोपी नीट केली आणि शिवांजलीला हळूच विचारलं, की ह्यावर भाषण करावं लागतं का. करावंच लागतं, असं तात्यांनी कळवलं. पहारेकरी बोलायला लागला तो थांबेचना. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो झाला.

मोहसीनला फोटो पाठवताना तात्यांनी बजावलं, की हे राजे नव्हेत, खोटं लावायचं नाही. मजकूर तर छापून वर चढलाय, मोहसीन म्हणाला. शेवटी त्यानंच तोडगा काढला. फोटो मापापेक्षा मोठा छापून त्यानं असा चिकटवला, की 'राजे' हा शब्द पहारेकऱ्याच्या बुटांखाली गेला. राहिलं ते 'फ्रान्सचे' आणि 'यांचा'. मधलं ज्यानं त्यानं आपापल्या बुद्धीनं भरलं. मागं एवढं रान दिसतंय म्हणजे कृषिमंत्रीच असणार, असं जत्रेत बहुमत झालं, आणि संध्याकाळपर्यंत पाचसहा जणांनी तात्यांना फोन करून ठिबकच्या अनुदानाचं साहेबांच्या कानावर घालायला सांगितलं.