चिंधी बांधलेलं फळ

राजुरीच्या कुशाबाईला एकदा संशय आला, की देव आडवा आला तरी तो जात नसे. शहाण्णव साली तो आला धाकट्या जावेवर, साळुबाईवर, आणि आला टोमॅटोवरून.

सासूनं दोघी सुनांना गावठी टोमॅटोचं बी दिलं होतं. दर साली देखणं फळ हेरायचं, देठाला चिंधी बांधायची म्हणजे कोणी तोडत नाही, पिकलं की बी राखेत घोळून गाडग्यात. सासूच्या सासूपासून अशीच निवड होत आलेली. भाऊ वेगळे निघाले, तरी दोघींची गाडगी एकाच माळ्यावर राहिली. मग कुशाबाईनं जुन्नरहून हायब्रीडचं पाकीट आणलं. सगळी फळं एका साच्यातली, लालभडक! बाईचे पाय जमिनीवर ठरेनात. सासूचं बी तिनं कोंबड्यांपुढं टाकलं. साळुबाई मात्र जुन्यालाच धरून राहिली.

पुढच्या साली पुन्हा पाकीट कशाला? कुशाबाईनं रीतीप्रमाणे हायब्रीडच्या फळाला चिंधी बांधली, बी धरलं आणि लावलं. आणि आलं काय? एक झाड ताडमाड, एक बुटकं. कुठं बोराएवढी फळं, कुठं सासूच्या टोमॅटोसारखी चुण्यांची.

"माळ्यावर हात कुणाचा पोचतो?" ती नवऱ्याला म्हणाली. "तिनंच गावठी मिसळलं. माझं बरं बघवंना तिला."

भिमाजी म्हणाला, "अगं, तिला काय मिळणार त्यातनं?"

पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळं. साळुबाई हसली तर कुशाबाईला वाटे खिजवते, गप्प बसली तर वाटे मन खातंय. शेवटी गिरणीवर, दळणाच्या रांगेत, चारचौघींसमोर ती बोललीच, "घरातच बी नासवणारी असल्यावर रान काय करील?" साळुबाईनं वर पाहिलं नाही. पीठ घेतलं आणि गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. चोर पकडल्यासारखं कुशाबाईला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

आता पुरावा हवा होता. त्या मिसळीतलंच सगळ्यात सुंदर झाड तिनं निवडलं, बी धरलं, गाडग्याचं तोंड शेणानं लिंपलं, गाडगं ट्रंकेत घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली. नवऱ्यालाही हात लावू दिला नाही.

आणि पुन्हा सतरा तऱ्हा उगवल्या.

कुशाबाईनं मंगळसूत्रातली किल्ली चाचपली. ट्रंकेत साळुबाई शिरली नव्हती. मग संशय सरकला पाकीट विकणाऱ्यावर. एसटी धरून ती जुन्नरला गेली आणि अकबरभाईच्या दुकानात चढली.

"बनावट बी दिलंस मला!"

"मावशी, पाकिटातलं बी पहिल्या साली सारखं आलं का नाय?"

"आलं."

"मग? हायब्रीडचं बी धरायचं नसतं. ते दोन येगळ्या जातींचा संकर अस्तंय. पहिली पिढी समदी सारखी. पन आई-बापाचे गुण झाकून आत बसलेले असत्यात. दुसऱ्या पिढीत ते सुटे व्हत्यात, कुनाला हे, कुनाला ते. नातवाला आज्याचं नाक येतं, तसं. त्यात कुनाची लबाडी नाय."

"माझ्या सासूचं तर कधी बिघडलं न्हाई."

"ते पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून एकजीव झालेलं, मावशी. ते फुटत नाय. हाय का अजून? असंल तर जपा."

परतीच्या एसटीत कुशाबाईला लाज अशी वाटली की खिडकीबाहेर बघवेना. घरी न जाता ती सरळ साळुबाईच्या दारात गेली.

"साळू, माजं चुकलं. तुज्यावर खोटा आळ घेतला."

साळुबाईनं पाट सरकवला, चहा टाकला. रागाचं एक अक्षर नाही. कुशाबाईला धीर आला.

"आत्याबाईंचं बी दे मूठभर. आता तेच लावीन."

"कुठलं बी, बाई?" साळुबाई चहा गाळता गाळता म्हणाली. "तुमी गिरणीवर बोलला, त्याच दिशी गाडगं चुलीत पालथं केलं मी. म्हनलं, बीच नसलं घरात, तर कोन आळ घील?"

"समदं?"

"समदं."

कुशाबाई एकेक घर आठवू लागली. झुंबरबाईकडं असेल? गोजरबाईकडं? नव्हतं. साऱ्या आळीनं केव्हाच हायब्रीड धरलं होतं, आणि ते तिचंच बघून.